पाळण्यावरची शीट

लटारू मिस्त्रीने एक शीट उचलली, पंख्यासारखी स्वतःच्या तोंडापुढे हलवली आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मॅडम, हे छतावर लावाचं हाय का जत्रेत विकाचं हाय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. मी पंचवीस वर्षांची होते, साइटवर सगळ्यांत लहान होते आणि सगळ्यांना हुकूम सोडायचं काम माझं होतं. अशा माणसाला हसू लवकर येत नाही.

"छतावर," मी म्हटलं. "आणि आजच."

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वडकुली नावाच्या गावात ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत बांधणं चालू होतं. नालमवार काका ठेकेदार आणि मी त्यांची इंजिनियर. एकटीने सांभाळायची ही माझी पहिलीच साइट. काका चंद्रपूरला बसून फोनवर विचारत, "बोरकुटे, सगळं बरोबर?" मी म्हणायची, "बरोबर, काका." त्या सकाळीही मी तेच म्हटलं होतं.

शीट म्हणजे फोमच्या शीट. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड, रंग आकाशी. थर्मोकोलची घट्ट, थोरली बहीण म्हणा. एकेक उचलली तर दीड किलोही भरत नव्हती. अशा एकशे साठ शीट नागपूरहून ट्रकने आल्या होत्या. स्लॅबवर त्या फरशीसारख्या एकमेकींना चिकटवून अंथरायच्या, वर कापड टाकायचं, जाळी टाकायची आणि त्यावर तीन इंच काँक्रीट ओतायचं. उन्हाचा ताप वरच्या काँक्रीटला लागतो, फोम तो खाली उतरू देत नाही. एवढंच त्यातलं शास्त्र.

ते सगळं कशासाठी, हे मला उईके सिस्टरनी दाखवलं होतं. काम सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी माझं मनगट धरून मला जुन्या प्रसूती वॉर्डात नेलं. संध्याकाळचे सहा वाजले होते, ऊन कलून गेलं होतं, पण आत पाऊल टाकलं की भट्टीजवळ उभं राहिल्यासारखं व्हायचं. सिस्टर म्हणाल्या, "वर बघ. हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून आमच्या अंगावर ओततो. कालच जन्मलेल्या बाळाला ताप येतो, आईला वाटतं काहीतरी रोग झाला. एसी लावतील म्हणतात. दिवसातून चार तास लाइट जाते, तेव्हा एसीला काय ओवाळायचं?" एका खाटेवर एक आई बाळावर ओल्या फडक्याने वारा घालत बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नव्या इमारतीत नवजात बाळांची खोली होती वरच्या मजल्यावर. तिच्या डोक्यावर थेट आभाळ. म्हणून त्या एवढ्या भागासाठी फोम मंजूर झाला होता. झाला होता म्हणजे कागदावर. बांधकाम विभागाच्या उपअभियंता खंडाळे साहेबांना तो मान्य नव्हता. "थर्मोकोल गणपतीच्या मखराला लावतात, बोरकुटे," ते मला म्हणाले होते. "सरकारी इमारतीला नाही. विटांचा कोबा टाका, वर चुना मारा, झालं." माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं छतं गळताना पाहिली होती, त्यामुळे नवीन काही दिसलं की त्यांना आधी पाणी दिसायचं. शेवटचा निर्णय त्यांच्या सहीवर होता आणि त्या दिवशी चार वाजता ते छत पाहायला येणार होते.

म्हणून मला सगळ्या शीट अंथरून हव्या होत्या. साहेबांनी जिन्याची शेवटची पायरी चढावी आणि समोर एकसंध, नीटनेटकं, आकाशी छत दिसावं. मी मनात ते चित्र दहा वेळा रंगवलं होतं.

लटारू मिस्त्री साठीला आलेला माणूस. सडपातळ, डोक्याला कायम एक ओला गमछा. चेष्टा संपवून तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? जेवढ्यावर आज काँक्रीट पडन तेवढ्याच अंथरा. बाकीच्या खाली खोलीत राहू द्या. मे महिना हाय. वाऱ्याचं वावधन कधी उठन सांगता येत नाही."

"आभाळ कोरडं ठणठणीत आहे, मिस्त्री."

"सकाळी कोरडंच रायते."

"साहेब चारला येतायत. सगळं छत दिसलं पाहिजे."

"दिसाले तं चांगलंच दिसन," असं म्हणून तो मिक्सरकडे गेला.

अकरा वाजेपर्यंत सगळ्या शीट अंथरून झाल्या. खरोखर सुंदर दिसत होतं. कठडा अजून फूटभरच चढला होता, त्यामुळे खालून पाहिलं तर छताच्या कडेवर निळी रेघ दिसायची. एका कोपऱ्यातून काँक्रीट टाकायला सुरुवात झाली. आठ बाया घमेली घेऊन जिना चढत होत्या, लटारू आणि दोन मिस्त्री पसरत होते. ऊन असं होतं की घमेल्याच्या काठाला हात लागला तर चटका बसे. अडीच वाजेपर्यंत चाळीस शीट काँक्रीटखाली गेल्या. एकशे वीस उघड्या.

तीनच्या सुमारास वारा पडला. लटारूने मान वर केली. पश्चिमेला, कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांवर आभाळ मातकट झालं होतं.

"मॅडम, विटा चढवा. जेवढ्या भेटन तेवढ्या."

आम्ही विटा चढवू लागलो. प्रत्येक शीटवर दोन विटा. वीस-पंचवीस शीटवर विटा ठेवल्या असतील, तेवढ्यात तो आवाज आला. लांबून मालगाडी यावी तसा. बाजाराच्या मैदानातली धूळ एकदम उभी राहिली आणि आमच्याकडे चालत आली.

पहिली शीट उठली ती मला अजून दिसते. एक कोपरा वर झाला, जणू खालून कुणी बोट घातलं. मग ती सरळ उभी राहिली आणि कठड्यावरून गेली. तिच्यामागून दुसरी. विटा ठेवलेल्या शीट विटांसकट सरकायला लागल्या.

मी आडवी पडले. विचार करून नाही, पडलेच. हात पसरून चार शीटच्या सांध्यावर मी पालथी पडले आणि ओरडले, "झोपा! सगळे झोपा शीटवर!" आणि त्या बाया पडल्या की हो. घमेली टाकून, पदर खोचून, आठच्या आठ जणी आडव्या झाल्या. वारा आमच्या अंगावरून जात होता, तोंडात माती, डोळ्यांत माती. माझ्या पोटाखाली शीट उसळत होती, जाळ्यात मासा उसळावा तशी. मी दात आवळून म्हणत होते, सोडणार नाही, सोडणार नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मग त्यांच्यातल्या रेवताबाईची किंकाळी आली. ती पडली होती त्या दोन शीट एकदम वर उचलल्या गेल्या आणि ती त्यांच्यासकट कडेकडे घसरली. फूटभर कठडा, त्याला तिचा खांदा आदळला. तिचा एक हात बाहेर गेला होता. खाली पंचवीस फूट.

लटारू तिच्याकडे रांगत गेला, तिचा पाय धरला आणि माझ्याकडे वळून ओरडला. अकरा महिन्यांत तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "सोडा ते! मानसं मोजा, मॅडम! शीटा नका मोजू!"

मी सोडली. गुडघ्यांवर उठले आणि ओरडले, "खाली! सगळे जिन्यात! सोडा शीट!" एकेकीला नाव घेऊन हाक मारली, एकेकीला जिन्यात उतरताना पाहिलं. आठ बाया, तीन मिस्त्री. सगळ्यांत शेवटी मी उतरले. जिन्याच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा वडकुलीच्या मातकट आभाळात माझ्या शीट चालल्या होत्या, पन्नास-साठ एकदम, एखाद्या थव्यासारख्या.

पंधरा मिनिटांत सगळं थांबलं. पाऊस आलाच नाही. रेवताबाईचा खांदा सुजला होता, उईके सिस्टरनी पट्टी बांधली. मी तिच्याजवळ बसले. "माझं चुकलं, रेवताबाई," एवढंच म्हटलं.

"खांदा हाय जी. बसन जाग्यावर," ती म्हणाली.

लटारूने एकदाही "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. गमछा झटकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "चला. उजेड हाय तोवर जेवढ्या भेटतेत तेवढ्या आनू."

साहेबांचा फोन आला. रस्त्यात झाड पडलं होतं, ते उद्या दहाला येणार होते.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी आम्ही गाव पालथं घातलं. बाभळीत अडकलेल्या शीट काढल्या, बसस्टँडच्या पत्र्यावरून काढल्या, तलावातून काढल्या. काही तर वाऱ्याने जिन्याच्या पायथ्याशीच आणून टाकल्या होत्या. सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून शिपायाने पुकारा केला, "दवाखान्याच्या आकाशी रंगाच्या पाट्या उडाल्या हायेत, ज्याले सापडल्या त्यानं आनून द्याव्या, ते दवाखान्याच्या छताच्या हायेत, होऽऽ." लोक आणून देत होते. सायकलवर बांधून, डोक्यावर घेऊन. एका म्हाताऱ्याने दोन शीट आणल्या आणि जाताना विचारलं, "हे बकरीच्या वर टाकली होती मी. काल सांजेवरी बकरी धापा टाकत नव्हती. कायची हाय हे?"

मी त्याला समजावून सांगितलं. तो मान हलवत गेला.

दहाला खंडाळे साहेबांची जीप आली. खाली उतरल्या उतरल्या ते म्हणाले, "बोरकुटे, तुमचं काम तर गावभर पोचलंय. चहाच्या टपरीवर एक शीट मी स्वतः पाहिली."

"हो सर."

"कसं झालं हे?"

तोंडाशी आलं होतं, 'सर, अचानक वादळ आलं.' खोटंही नव्हतं ते. लटारू पलीकडे फावडं धूत होता, त्याला ऐकू जात होतं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मिस्त्रींनी सकाळीच सांगितलं होतं, काँक्रीट पडेल तेवढ्याच अंथरा. तुम्हाला सगळं छत दिसावं म्हणून मी ऐकलं नाही. एका बाईच्या जिवावर बेतलं होतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे लेखी द्याल?"

"देते."

"आणि उरलेलं काम मी रद्द करतोय. कोबा टाका."

"सर, मला आज चारपर्यंत वेळ द्या. शीट जवळजवळ सगळ्या सापडल्या आहेत. चारच कमी आहेत. चूक माझी आहे, फोमची नाही. माझ्या चुकीपायी बाळांच्या डोक्यावरचं छत बदलू नका."

तेवढ्यात लटारू पुढे आला. "चारातली एक कुठं हाय ते मालूम हाय, साहेब. तलावाच्या मागं पुष्पकलाच्या घरी. मी सकाळी गेलतो. देत नाही म्हनते."

"देत नाही म्हणजे?" साहेबांचा आवाज चढला. "सरकारी माल आहे. चला, बघू तरी."

आम्ही तिघं निघालो. बारा वाजत आले होते. तलावाच्या बांधामागे सात-आठ घरं होती. पुष्पकलाचं सगळ्यांत शेवटचं. कुडाच्या भिंती, वर पत्रा, साहेबांना वाकूनच आत जावं लागलं. बावीस-तेवीस वर्षांची बाई, हातात केरसुणी. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. तिने आम्हाला पाहिलं आणि ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

तिच्यामागे आढ्याला लुगड्याचा पाळणा बांधलेला होता. पाळण्याच्या बरोबर वर, पत्र्याखाली, चार कोपऱ्यांना सुतळीने आवळून माझी शीट बांधली होती. चांगली बांधली होती. मी बांधली असती तरी त्याहून बरी बांधली नसती.

"मी चोरली नाही," पुष्पकला म्हणाली. "माह्या आंगनात पडली होती."

"चोरली कोण म्हणतंय?" साहेब म्हणाले. मग त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. हात वर करून पत्र्याला बोटं टेकवली आणि लगेच मागे ओढली. हात तसाच सरकवत त्यांनी तो शीटखाली नेला. तळवा शीटला लावला. काढला नाही. असे ते बराच वेळ उभे राहिले, वर्गात हात वर करून उभं राहावं तसे.

"बाळ कधीपासून झोपलंय?" त्यांनी विचारलं.

"दोन घंटे झाले. चार महिन्याचा हाय. ऊन लागल्यापासून दिवसा निजलाच नव्हता. आज पयल्यांदा निजला."

साहेबांनी हात खाली घेतला. आवाज एकदम उतरला होता. "राहू द्या हो, बोरकुटे. एका शीटने काय होतं? तुटलेले तुकडे जोडून घ्या तिथे."

ते खरं होतं. एका शीटने काही अडत नव्हतं. तुकडे माझ्याकडे होते, चिकटपट्टी होती. मी "ठीक आहे सर" म्हणाले असते तर साहेबही खूश, पुष्पकलाही खूश, आणि मी तर सगळ्यांत जास्त.

पण माझं लक्ष शीटच्या एका कडेवर गेलं होतं. तिकडची कड बाकीच्या तीन कडांसारखी सरळ नव्हती. ती आत वळली होती, चकचकीत झाली होती, तपकिरी पडली होती. मी खाली पाहिलं. पाळण्यापासून दीड हातावर चूल होती. चुलीत सकाळची राख.

"चूल इथेच पेटवता?" मी विचारलं.

"मंग कुठं पेटवू?"

मी शीटच्या त्या कडेचा एक तुकडा मोडला. "सर, काडेपेटी द्या. पुष्पकला, तू बाहेर ये. लटारू मिस्त्री, तुम्ही बाळाजवळ थांबा."

अंगणात मी तुकडा एका काडीला टोचला आणि पेटवला. आधी तो आक्रसला, मग वितळला, मग जळत्या थेंबांनी खाली टपकायला लागला. काळा धूर निघाला, घशात रुतणारा. बोटाएवढा तुकडा होता, पण पुष्पकला खोकत मागे सरली आणि साहेबांनी नाकाला रुमाल लावला. जळती आगकाडी बाजूला घेतली तशी ज्योत विझली, पण जमिनीवरचा काळा डाग धुमसत राहिला.

"हे एवढंसं," मी म्हटलं. "तुझ्या पाळण्यावर आहे ती केवढी, बघ. एखादी ठिणगी उडाली, एखाद दिवशी जाळ मोठा झाला, तर हे थेंब खाली पडतील. खाली बाळ आहे. आणि तू पाण्याला गेलेली असशील."

पुष्पकला त्या डागाकडे पाहत होती. मग तिने मान वर केली. "असं हाय तं दवाखान्यावर लावाले कसं चालते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता.

"तिथे हिच्या वर तीन इंच काँक्रीट असेल आणि खाली पाच इंचांचा स्लॅब. विस्तव पोचायला वाटच नाही. उघडी ठेवायची नसते ही. कुठेच नाही."

"माह्या घरी काँक्रीट नाही."

"नाही."

"मंग माह्या लेकरानं काय करावं?"

आजही ते वाक्य आठवलं की मी काहीतरी उत्तर शोधायला लागते, एवढी वर्षं शोधतेय. तेव्हा मी आत गेले, तेलाचा रिकामा डबा उपडा घातला, त्यावर चढले आणि सुतळ्या सोडायला लागले. गाठी पक्क्या होत्या. माझी नखं मोडली, पण कोयता मागायची हिंमत झाली नाही. पुष्पकला दारात उभी राहून पाहत होती. तिने मला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. चौथी गाठ सुटली आणि शीट माझ्या डोक्यावर आली. तिच्यामागचा पत्रा उघडा पडला तशी त्याची धग माझ्या तोंडावर बसली. बाळाने आधी पाय हलवले, मग तोंड वेडंवाकडं केलं.

आम्ही शीट घेऊन बांधावर पोचेपर्यंत त्याचं रडणं ऐकू येत होतं. बांध संपता संपता साहेब म्हणाले, "मी असतो तर काढली नसती."

"माहीत आहे, सर."

"म्हणून तर म्हणतोय." थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "ताकीदपत्र येईल तुम्हाला. ते मी थांबवणार नाही. कामही थांबवणार नाही."

साइटवर आल्यावर त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि जाताना लटारूला म्हणाले, "मिस्त्री, रोज पडेल तेवढंच अंथरायचं. या मॅडमनी सांगितलं तरी."

"आता नाही सांगनार त्या," लटारू म्हणाला.

उन्हं उतरल्यावर मी नालमवार काकांना फोन केला. पाडलेल्या जुन्या क्वार्टरची कवेलू, म्हणजे मातीची कौलं, आवारात ढिगाने पडली होती, करारानुसार ती त्यांची. "काका, सातशे-आठशे कवेलू आणि सहा बल्ल्या पाहिजेत."

"कशाला?"

मी सांगितलं. काका म्हणाले, "तू तिथे इमारत बांधायला गेली आहेस का गाव?" आणि ठेवून दिला फोन. नाही म्हटलं नव्हतं, हे मी धरून चालले.

लटारूने बैलगाडी आणली. आम्ही पुष्पकलाच्या घरात लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले, वर पत्र्यावर बांबूच्या कामट्या टाकल्या आणि त्यावर कवेलूंचे दोन थर चढवले, मधे हवा खेळेल असे. पुष्पकला खालून कवेलू देत होती. अंधार पडायच्या आत झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारायला गेले.

"कसं वाटतंय?"

तिने खरं ते सांगितलं. "पयल्यापेक्षा बरं हाय. पन त्याच्यासारखं नाही झालं."

"नाही होणार."

"निजते मंग घडीभर," ती म्हणाली आणि पाळण्याला झोका दिला.

छताचं उरलेलं काम पूर्ण व्हायला तीन दिवस लागले. रोज सकाळी चाळीस शीट वर चढवायच्या, तेवढ्यावर काँक्रीट टाकायचं आणि मग दुसऱ्या दिवशीचा विचार. रेवताबाईच्या खांद्याला अजून पट्टी होती, म्हणून बायांमध्ये एक जागा रिकामी होती. शेवटच्या दिवशी सकाळी पुष्पकला आली. बाळाला सासूजवळ ठेवून आली होती.

"काम हाय म्हनते लटारूमामा."

"आहे."

तिने घमेलं घेतलं. दिवसभर ती जिना चढत-उतरत राहिली. तिच्या घरून आणलेली शीट कोणती ते ओळखणं सोपं होतं, एका कडेला मोडलेली होती. तिच्या हातात ती आली तेव्हा तिने ती ओळखली. उभी राहिली. लटारू काही बोलायला गेला तर मी त्याला खुणेने थांबवलं. पुष्पकलाने वाकून ती शीट शेजारच्या शीटला घट्ट भिडवली, मोडक्या कडेला एक तुकडा बसवला, अंगठ्याने दाबून पाहिला. चिकटपट्टी माझ्याकडून घेतली आणि स्वतः लावली.

चार वाजता त्या कोपऱ्यावर काँक्रीट पडलं. लटारूने पट्टी फिरवली, ओलं काँक्रीट सपाट झालं, आकाशी रंग दिसेनासा झाला. पुष्पकला घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती, घाम पुसत. चार दिवसांत पहिल्यांदा तिने मला हाक मारली.

"मॅडम."

"बोल."

"आता हे कोनी काढून नेनार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "आता कुणालाच काढता यायची नाही."

तिने मान हलवली, उठली आणि रिकामं घमेलं घेऊन जिना उतरायला लागली. खाली मिक्सर अजून फिरत होता, आणि चार-पाच फेऱ्या बाकी होत्या.